पाटावर बसलेली जाळी

आमच्या घरात तलवार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आप्पा असते तर त्यांनीही आधी हेच सांगितलं असतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, म्हैसुरात नजरबादच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. फायलीला नाडी बांधण्यापलीकडे त्यांनी जन्मात कसलं शौर्य गाजवलं नाही. पण त्यांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि त्यांची तलवार आमच्या देवघरात भिंतीला टांगलेली असे. तिने काकडीसुद्धा चिरली जात नसे. मी एकदा चिरून पाहिली होती.

तर अशा पराक्रमी घरात गोबर गॅस आला. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा सिलिंडरच्या गॅससाठी नाव नोंदवून लोक म्हातारे होत होते. आमचं घर गावाच्या कडेला, परसात दोन गायी, शेणाला तोटा नाही. आणि आईचे डोळे चुलीच्या धुराने गेल्यातच जमा होते. सदा लाल, सदा पाणी गळतंय, सुईत दोरा ओवायचा तर मला हाक. डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं, बाईंचा धूर थांबवा, नाहीतर नजर जाईल. आप्पा तिथे फार गंभीर झाले आणि घरी येऊन म्हणाले, लाकडं ओली असतील. पुढे वर्षभर आमच्याकडे लाकडंच ओली होती. शेवटी आईने अबोला धरला, तेव्हा कुठे परसात खड्डा खणला गेला.

गोबर गॅस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विटांची एक गोल विहीर, तिच्यात शेणकाला, आणि त्यावर उपडं तरंगणारं मोठं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर येतं, वापरला की खाली बसतं. पिंपातून एक नळी स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे गेली होती. दुसरी नळी परसातल्या भिंतीलगत माणसाच्या उंचीपर्यंत उभी, जास्तीचा गॅस बाहेर सोडायला. तिच्या उघड्या तोंडावर पितळेची एक टोपी आट्यांनी बसवलेली होती, आणि त्या टोपीच्या पोटात तांब्याच्या बारीक जाळीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या.

गॅसचे साहेब आले होते ते बिचारे फार मन लावून समजावणारे. कन्नडमधून त्यांनी आप्पांना सगळं फोड करून सांगितलं. ह्या जाळीतून गॅस बाहेर जाऊ शकतो, पण जाळ आत जाऊ शकत नाही. चुकून कुणी तोंडाशी काडी ओढली तर गॅस तोंडाशीच जळेल, जाळी त्याची धग शोषून घेईल, आणि नळीत आग शिरणार नाही. जाळी नसेल तर मात्र आग नळीतून सरळ पिंपात. म्हणून ही जाळी कधी काढायची नाही. आप्पा मान डोलवत होते. एवढ्या व्याख्यानातून त्यांनी नेमकी एकच गोष्ट उचलली.

"म्हणजे पहारेकरी," ते म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून ती जाळी आमच्या घराण्यात जमा झाली. आल्यागेल्याला आधी तलवार दाखवायची आणि मग परसात नेऊन जाळी. आमचे खापरपणजोबा राजवाड्याच्या दारावर उभे असत तशी ही उभी आहे, असं सांगायचं. खापरपणजोबा घोडदळात होते की दारावर, हे विचारायची सोय नव्हती. ऐकणारे बिचारे शेणाच्या वासात उभे राहून "हौदा?", म्हणजे असं का, म्हणत आणि कॉफीची वाट बघत.

आप्पांच्या गप्पा काही का असेनात, गॅस मात्र खरा होता. संक्रांतीनंतर शेगडी पेटली. निळी, सरळ, धूर नाही, फुंकणी नाही. आई पहिले काही दिवस शेगडीपुढून हलेचना. चहा झाला तरी तिथेच उभी. उन्हाळा सरेपर्यंत तिच्या डोळ्यांची लाली उतरली. एकदा मी कॉलेजातून आले तर ती पायरीवर बसून माझ्या पोलक्याला बटण लावत होती, आणि दोरा कुणी ओवून दिला म्हणून विचारलं तर नुसती हसली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी आप्पांशीसुद्धा चांगलं बोलले.

मग दसरा आला.

म्हैसुरात आयुधपूजा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. इथे सायकलला हार घालतात, शिलाई मशीनला गंध लावतात, बसगाडीपुढे कोहळा फोडतात. आमच्याकडे तर तलवारच होती, तेव्हा विचारूच नका. लष्कर मोहल्ल्यातून पॉलिशवाला बोलावून ती घासायची, पाटावर मांडायची, शेजारी आप्पांचं पेन, विळा, आईचं शिलाई मशीन, माझी कंपासपेटी. एकदा पाटावर बसलेल्या आयुधाला दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, त्याला विश्रांती द्यायची, हा आप्पांचा कडक नियम. ह्या नियमाखाली मी लहानपणी दरवर्षी एक दिवस अभ्यास चुकवला आहे, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

त्या वर्षी आप्पांना हुरूप आला. सगळी आयुधं लखलखणार आणि पिंप गंजकं, हे कसं चालेल? आठ माणसं लावून पिंप उचललं, खरवडलं, चंदेरी रंग दिला, पुन्हा विहिरीत उपडं घातलं. गॅसच्या साहेबांनी बजावून सांगितलं की आता पिंपात हवा शिरली आहे, हवामिश्रित गॅस फार वाईट, दोन-तीन दिवस तो नळीतून नुसता सोडून द्या आणि काही पेटवू नका. आप्पांनी अगदी तंतोतंत ऐकलं. नळीची चावी सोडून ठेवली. शेगडी बंद ठेवली. त्या दिवसांपुरती आई पुन्हा चुलीशी बसली. आणि आयुधपूजेच्या सकाळी आप्पांनी नळीवरची पितळी टोपी जाळीसकट आट्या फिरवून काढली, चिंचेने घासली, आणि तलवारीच्या शेजारी पाटावर बसवली.

मी पाहिलं तेव्हा जाळीला हळदकुंकू लागलेलं होतं. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तोंडही मला बऱ्यापैकी होतं. मी म्हटलं, आप्पा, पहारेकऱ्याला सत्काराला बोलावलंत, दरवाज्यावर कोण आहे? ते म्हणाले, सुम्ने, गप्प बस, आज आयुध हलवायचं नसतं. माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण, दरवर्षी मिरवणुकीचे हत्ती बघायला आमच्याकडे येत असे. तिनेही त्यांचीच री ओढली. मुलीच्या जातीने पूजेत लुडबुड करू नये म्हणाली. मी आईकडे पाहिलं. आई चुलीत फुंकत होती.

पूजा यथासांग झाली. आरती तलवारीवरून फिरली, पेनावरून फिरली, जाळीवरून फिरली. मग आप्पांना वाटलं, आयुधाला ओवाळलं, पण त्याच्या किल्ल्याला नको का ओवाळायला? तबकात कापराचा भलामोठा खडा पेटवून ते परसात गेले. मागून घंटा वाजवत आत्या, नवी म्हैसूर सिल्क नेसून. मी ओरडत धावले, पण घंटेपुढे माझं कोण ऐकतो. आप्पांनी नळीला हार घातला, कुंकू लावलं, आणि तिच्या उघड्या तोंडासमोर आरती उचलली.

आधी नळी नुसती घुमली. मग जमिनीखालून कुणी दार आपटावं तसा धप्पकन आवाज झाला, आणि ते चंदेरी पिंप विहिरीतून हातभर उडालं, वाकडं झालं, आणि परत शेणकाल्यात बसलं. शेणकाला मात्र बसला नाही. तो आत्याच्या सिल्कवर, तुळशीवर, गायींच्या तोंडावर, सगळीकडे सारखा वाटला गेला. आप्पा उभे होते तिथेच उभे होते, हातात रिकामं तबक. भिवया गेल्या होत्या आणि घोडदळाच्या परंपरेतली मिशी एका बाजूची गेली होती. करायला गेले गणपती नि झाला मारुती. बाकी कुणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब. आत्या मात्र मिरवणूक न पाहताच परत गेली.

आता मला हसू येतं. तेव्हा आलं नाही, कारण पुढे जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. गॅसचे साहेब आले, पिंप सरळ करून घेतलं, सगळे सांधे तपासले आणि म्हणाले, काही बिघडलेलं नाही, जाळी लावा आणि आजपासून शेगडी पेटवा. त्यांच्याही जीपच्या चाकाखाली फुटलेल्या कोहळ्याचं कुंकू होतं, त्यामुळे बिचारे जास्त बोलू शकले नाहीत. पण आप्पांनी निकाल देऊन टाकला होता. गॅस आपल्या घराण्याला लाभत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. स्वयंपाकघरातली चावी बंद झाली, आणि जाळी देवघरात तलवारीखाली, त्याच पाटावर, कुंकवासकट बसून राहिली. कुणी विषय काढला की आप्पा अर्ध्या मिशीवर हात ठेवत आणि उठून जात. चूक झाली एवढे दोन शब्द त्यांच्या घशाखालून वर आले नाहीत, म्हणून आईने धूर खायचा.

गायी काही थांबत नाहीत. आई रोज सकाळी शेण कालवून विहिरीत ओतत होती, गॅस होत होता, पिंप वर येत होतं, आणि चावी सोडली की उघड्या नळीतून सगळा गॅस कावळ्यांना जात होता. मी नळीशेजारून बिडीवाल्यांना हाकलत असे. आणि त्याच परसातून सुरूची ओली लाकडं उचलून आई आत नेत होती. तिचे डोळे पावसाळ्यात पुन्हा होते तसे झाले. गणपतीच्या सुमाराला ती मला एका डोळ्यापुढे धुकं येतं म्हणाली. मी आप्पांशी भांडले, इतकी भांडले की शेजारच्या बाई खिडकी लावून घेत, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी मग स्वतःच जाळी बसवायला निघाले तर आईनेच अडवलं. तू नको, म्हणाली. ज्यांनी काढली ते बसवतील.

पुढच्या वर्षीची आयुधपूजा. तलवार, पेन, विळा, मशीन, आणि वर्षभर तिथेच असलेली जाळी. आत्या आली होती, सुती लुगडं नेसून. जेवायला आप्पांच्या कचेरीतले चौघे येणार होते. आप्पांची मिशी पूर्ण उगवली होती, आरती मात्र ते आता हात लांब करून ओवाळत. इतक्यात आई आली. न्हालेली, ठेवणीतलं लुगडं, केसांत मोगरा. तिने हातातली फुंकणी, चिमटा आणि डाव एकेक करून तलवारीच्या ओळीत मांडले. प्रत्येकाला कुंकू लावलं. मग एक पाट आणला, ओळीच्या शेवटी ठेवला, स्वतःच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि त्यावर बसली.

आत्या म्हणाली, अय्यो, हे काय नवीन? आप्पांनी विचारलं, स्वयंपाकाचं काय?

"ह्या घरात सगळ्यात जास्त चाललेलं आयुध मीच आहे ना?" आई म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी काय करू विचारावी तसा. "मग मलापण ओवाळा. आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही, नियम तुमचाच आहे."

आप्पांनी तिला समजावलं, रागावून पाहिलं, नैवेद्याची भीती घातली, पाहुणे तोंडावर आलेत म्हणून विनवलं. आई पाटावर बसून होती. शेवटी त्यांनी आरतीचं तबक तिच्यापुढे धरलं. तिच्या डोळ्यांकडे तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा नीट पाहिलं असावं, कारण ओवाळताना त्यांचा हात लांब होता तो हळूहळू जवळ आला. मग तबक खाली ठेवून त्यांनी पाटावरची जाळी उचलली, उद्याची वाट न बघता, स्वतःचा नियम स्वतः मोडून. धोतराच्या सोग्याने तिचं कुंकू पुसलं, एकेक चकती उजेडात धरून बघितली, परसात गेले आणि टोपी नळीवर आट्या घट्ट करून बसवली.

मग शेगडीपाशी आले, वर्षभर बंद असलेली चावी सोडली आणि काडी ओढली. मिशी जपायला तोंड बाजूला वळवलेलं होतं, मी स्वतः पाहिलं. शेगडी निळी पेटली.

मला वाटलं, आता आई उठेल. ती उठली नाही. देवघरातूनच म्हणाली, भात आधी टाका, तांदूळ निवडलेले आहेत. आणि त्या दिवशी घोडदळाच्या वंशजाने चौघा पाहुण्यांसाठी चित्रान्न केलं, आत्याने नाक मुरडत लिंबं पिळली, मी वाढलं. मीठ अगदीच कमी होतं. पाहुणे जेवत असताना आई हळूच पाटावरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि शेगडी अजून चालू होती ती बघत राहिली. खोलीत धुराचा लवलेश नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.