बूट हातात घेतलेला सैनिक

शनिवारी हाफ डे टाकून मी माझ्या जुन्या शाळेत भांडायला गेले होते. इथे मी सहसा काही लिहीत नाही... पण हे लिहायला हवं.

प्रकरण चार मार्कांचं. मुर्रीला आमच्या घरी सुनंदा राहते, दहावीला आहे. तिचं गाव नवेगाव बांधच्या पुढे, जंगलाला लागून. वडील वनविभागात मजुरीला. बाबांची त्यांच्याशी जुनी ओळख, म्हणून माझ्याच जुन्या शाळेत शिकायला ती आमच्याकडे.

सराव परीक्षेत मराठीच्या पेपरला एका कवितेचं रसग्रहण होतं. युद्ध संपतं, सैनिक गावी परततो, वेशीपाशी बूट काढून हातात घेतो आणि अनवाणी आत जातो. कुत्रं भुंकत नाही, कुणाचं दार लागत नाही... बारा ओळींची कविता, एवढीच.

सुनंदाने लिहिलं की सैनिकाने बूट काढले, कारण बुटांचा आवाज आला की गाव गप्प होतं हे त्याला माहीत आहे. तिच्या गावात बूट वाजले की आजी अर्धं वाक्य सोडून चुलीकडे तोंड फिरवते. बूट कोणाचे, ते कोणी विचारत नाही. सैनिकाला घरच्यांनी घाबरू नये असं वाटतं, म्हणून तो बूट हातात घेतो.

चारपैकी एक. बाजूला लाल अक्षरात ‘विषयांतर’.

ती रडली नाही. मराठीच्या मॅडम सोमवारी आदर्श उत्तर देणार आहेत, तेच पाठ करते म्हणाली. बोर्डाला महिना राहिलेला. मग पेपर घडी घालता घालता तिने विचारलं, “दीदी, मी खोटं लिवलं का जी?”

या प्रश्नाचा मला राग आला. तिच्यावर नाही... तो तिला विचारावा लागला, याचा.

मी सबस्टेशनमध्ये रिले टेस्टिंग करते. लाइनमध्ये फॉल्ट आला की रिलेने ओळखायचं आणि लाइन तोडायची. त्याने बरोबर ओळखलं का, ते मी तपासते. तसंच तिचं उत्तर तपासलं. एकेक वाक्य घेतलं आणि त्याला कवितेत आधार आहे का ते पाहिलं. प्रत्येक वाक्याला होता. न भुंकणाऱ्या कुत्र्याचा अर्थसुद्धा तिने बरोबर लावला होता.

मॅडमनी मलाही शिकवलंय. स्टाफरूममध्ये बसवलं, चहा मागवला. सुनंदाचा पेपर मी सोबत नेला होता. चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते, ते वाचून दाखवले. आवाज चढवला नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की बोर्डाचा पेपर कोण तपासेल, कुठे बसून तपासेल, आपल्याला माहीत नसतं. त्याच्या हातात उत्तर ठरलेलं असतं. त्यात ही जंगलातली पोरगी, बुटांबद्दल लिहिणार... कोणी भलताच अर्थ काढला तर?

“तू काऊन चिडून राहिली बेटा? मी तिचे मार्कच वाचवून राहिली ना.”

मॅडम वाईट नाहीत. पण धोक्याचं आहे म्हणून ते चूक ठरत नाही. भीती वाटली असेल तर तसं सांगा, ‘विषयांतर’ लिहू नका... असं मी म्हटलं. मग विचारलं, ठरलेलं उत्तर आहे तरी काय?

त्यांनी कपाटातून फाइल काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या पडलेल्या. ‘बूट काढून सैनिक मातृभूमीला वंदन करतो...’ मी दुसऱ्या ओळीवर थांबले. अक्षर डावीकडे झुकलेलं. ‘क्ष’ला अनावश्यक शेपूट.

“ओळखलं नाही? तुझंच आहे,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या. “चारपैकी चार दिले होते. आठ वर्षं झाली, पोरींना हेच वाटून राहिली मी.”

हीच कविता आमच्याही पेपरला होती आणि ते उत्तर कसं लिहिलं, ते मला तिथेच लख्ख आठवलं. गाइडमध्ये अशाच एका कवितेचं उत्तर होतं, त्यातले तीन शब्द बदलले होते. सैनिक कुठेच वाकत नाही, मातीला हात लावत नाही. मी तेव्हा चौथ्या ओळीच्या पुढे कविता वाचलीच नव्हती.

रिले चुकीचा ट्रिप झाला, म्हणजे फॉल्ट नसताना त्याने लाइन तोडली, की आम्ही आधी सेटिंग कोणी केलं ते बघतो. शीटवर खाली सही असते. इथे सही माझी होती... आणि त्या सेटिंगवर आठ वर्षं किती मुलींची उत्तरं चुकीची ठरली, ते मला माहीत नाही.

मी मॅडमकडे लाल पेन मागितला. ‘वंदन’ या शब्दाखाली रेघ ओढली, बाजूला लिहिलं, ‘कवितेत कुठे?’ चारपैकी एक दिला आणि सही केली.

मॅडमनी तो कागद हातात घेऊन परत वाचला. मग सुनंदाचा पेपर ओढून ‘विषयांतर’ खोडलं, एकाचे तीन केले. म्हणाल्या, “चौथा बोर्डाच्या भीतीचा. तो राहू दे माझ्याकडे.”

मी तो मागितला नाही. पण राग गेलेला नाही. बोर्डाच्या पेपरात काय लिहायचं, हे त्या पोरीला अजून एकटीनेच ठरवायचं आहे.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं, अक्षराचंसुद्धा. तिने विचारलं, “मंग दीदी, तेव्हा तुमाले काय वाटलं होतं?”

काहीच वाटलं नव्हतं. मला चार मार्क हवे होते... तसंच सांगितलं.

 मग पेपर उघडून तिने मला कविता वाचून दाखवली, सावकाश, बाराही ओळी. मार्कांसाठी नाही, तपासायला नाही, नुसती ऐकत शेवटच्या ओळीपर्यंत मी पहिल्यांदाच पोहोचले.