टाकीक पोट येतलाच!

खाऱ्या हवेत पत्र्यावर गंज चढतो तसे आमच्या वर्कशॉपात किस्से चढतात. एक खरवडावा तर खाली दुसरा! मी इथला डिझाइन इंजिनिअर, म्हणजे आधी ड्रॉइंग काढणारा आणि नंतर कपाळाला हात लावणारा. आम्ही चौकोनी टाक्या बनवतो. बाकीच्या टाक्या राहू देत, एकट्या जामसंड्याच्या टाकीने माझा जीव खाल्लाय.

ही टाकी आंब्याच्या पल्पच्या फॅक्टरीतली. खांबांवर उभी, आत कढत पाणी, आणि बरोबर खाली टेबलाशी आंबे सोलणाऱ्या बायका. पाइप जोडायला टाकीच्या भिंतीतून जे तोंड काढतात ते नोझल. पाइपचं वजन, पंपाची थरथर, तापल्यावर पाइपचं लांबणं, सगळं त्या तोंडावर येतं. गोल टाकी ही ओढ अंगभर वाटून घेते. चौकोनी टाकीची सपाट भिंत तिथल्या तिथे वाकत राहते आणि एक दिवस नोझलच्या कडेने फाटते. हे मी किती जणांना सांगितलं असेल, देवच जाणे.

*

आमच्या मालकांना म्हटलं, "मिंगेल अंकल, नोझलवर पाइपचा लोड किती येणार ते फॅक्टरीवाल्यांना विचारा. त्याशिवाय भिंतीचं गणित सुटत नाही."

अंकलनी लगेच फॅक्टरीच्या मालकांना, तात्यांना, फोन लावला. पलीकडून तात्या एवढ्या जोरात ओरडले की मलाही ऐकू आलं. "किती म्हणजे? पाइप एकच आसा!"

अंकलनी फोन ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने मला सांगितलं, "एक."

*

आकडा नाही तर नाही, म्हणून मी अंदाजाने भिंतीला बाहेरून उभ्याआडव्या पट्ट्या मारून दिल्या. टाकी जामसंड्यात पोचली. तात्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"टाकी आसा काय तुरुंग?"

आणि पट्ट्या कापून टाकल्या!

*

मग चाचणीला टाकी गार पाण्याने भरली आणि भिंत फुगली. मी धावत गेलो. म्हटलं, "तात्या, भिंतीला पोट आलंय!"

"टाकीक पोट येतलाच! जेवल्यार तुका येणा नाय?" असं म्हणून त्यांनी कौतुकाने थाप मारली. फुगलेल्या पत्र्यावर!

*

ड्रॉइंगवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पाइपला भक्कम आधार द्यावा.' आमचे फिटर इस्माईलभाई शिस्तीचे माणूस. त्यांनी आधार दिला. पाइप शेजारच्या माडाला बांधला.

"माडापेक्षा भक्कम काय आसा?"

खरंच भक्कम होता. फक्त वारा सुटला की माड डुलायचा, त्याच्याबरोबर पाइप आणि पाइपबरोबर नोझल. मी गणितात वारा धरला होता हो, माड नव्हता धरला!

*

पुढच्या खेपेस गेलो तर नोझलच्या कडेने थेंब गळत होता. खाली टेबलाशी बसलेल्या सावित्रीकाकींनी किटली लावलेली. मी ओरडलो,

"काकी, हयसून उठा! वर पत्रो फाटाक लागलो."

"खंय जाव रे? टेबल हयच आसा," काकी आंबा सोलत म्हणाल्या. "आणि थेंब गरम आसा. च्यायेक बरो."

त्यांनी मला चहा दिला. मी प्यायलो. दुसरं काय करणार? अशा वेळी वाटतं, शिकलो कशाला आपण.

*

शेवटी मी तात्यांना निर्वाणीचं सांगितलं, "टाकी रिकामी करा, नाहीतर खालच्या बायका भाजून मरतील."

तात्यांचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन, "ये, तुझ्या मनासारखा करूया."

गेलो. टाकीपुढे नारळ, अगरबत्ती, आणि देवाला गाऱ्हाणं घालायला गावातले आबा. टाकी काठोकाठ भरलेली.

मी आबांना बाजूला घेऊन अगदी कळवळून समजावलं की पाइपचा सगळा लोड त्या भिंतीवर येतोय, ती टिकणार नाही, निदान तुम्ही तरी तात्यांना सांगा. आबांनी सगळं ऐकलं. पाठीवर हात ठेवला आणि टाकीकडे तोंड करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरान पाइपाचो लोड घेतल्यान हा. तेका झोप येणा नाय, जेवाण जाणा नाय. तो लोड तेच्या माथ्यावरसून उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने म्हणाल्या त्या टाकीखालच्या बायका.