मांडीलगतचा खिसा

काळेवाडीत विजयश्रीच्या दारावर पाटी नव्हती, पण कंपनीची पॅन्ट उसवली की पोरं तिलाच शोधत यायची. बी.ए. झालेली बाई दिवसभर शिवणयंत्रावर बसते याचं शेजारणींना कौतुकही वाटायचं आणि थोडी कीवही. नवऱ्याची कंपनी बंद पडली, पाठोपाठ नवराही गेला. यंत्र घरात होतंच. त्याच्या जिवावर तिने बुद्धभूषणला आयटीआयपर्यंत शिकवलं.

बुद्धभूषण चाकणला एका पॅकिंगच्या शेडमध्ये ठेकेदाराकडून लागला होता. सुट्या भागांची लाकडी खोकी यायची, त्यांना आवळलेल्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या कापायच्या, माल काढायचा, नव्या खोक्यांत भरायचा. साधा कटर त्या पट्टीवर चालवला की पातं मोडायचं. एकदा मोडका तुकडा उडून एकाच्या गालात घुसला. तेव्हापासून लाइनवरची पोरं मोठा घडीचा चाकू वापरत. ठेकेदार तो देत नसे, ज्याचा त्याने आणायचा. आणि गेटवर मात्र पातं आत न्यायला बंदी! सिक्युरिटीवाला खिसे चाचपायचा, आत सुपरवायझर गुरुदत्त ओरडायचा, "चाकू नाही आणलास? मग पट्ट्या काय दातांनी तोडणार का राव?" गेटवाल्याला आतलं ठाऊक होतं आणि आतल्याला गेटवरचं. चाकू रोज आत जायचा. तो दिसता कामा नये, एवढीच रीत होती.

विजयश्रीला या नोकरीची फार फिकीर नव्हती, कारण ती संपणार होती. तळेगावकडच्या एका मोठ्या कंपनीत बुद्धभूषणची मुलाखत पार पडली होती. नोकरी कायमची होती. आता फक्त पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. पडताळणीत काय बघतात, हे तिने चार जणांना विचारून घेतलं होतं. नावावर केस नसली की झालं, असं सगळे म्हणाले.

मग एके दिवशी तो लंगडत घरी आला.

"काय झालं रे?"

"काही नाही गं मम्मी. चाकू टोचतो."

तिने बळेच पॅन्ट उतरवायला लावली. मांडीच्या आतल्या बाजूला निळंकाळं झालं होतं. पुढच्या खिशात ठेवला की गाडीवर बसताना चाकूचं टोक जांघेत रुतायचं. मागच्या खिशात ठेवला तर त्याच्यावरच बसायला लागायचं, शिवाय खिशाचं कापड फाटायचं. कमरेच्या पट्ट्याला क्लिप लावून अडकवला तर गेटवर लगेच दिसायचा. काही दिवस त्याने मोज्यात घातला, तर घोटा सोलवटला.

"सोबतीला घेऊन फिरण्यासारखा नाही तो," ती म्हणाली. "शेडमध्येच ठेव ना."

"लॉकर कायमवाल्यांना मिळतं मम्मी. आमचं ठेवलेलं सकाळी सापडत नाही."

ती आई होती, आणि शिवणारी होती. मूल लंगडतंय आणि उपाय आपल्या हातात आहे, म्हटल्यावर दुसरा विचार तिच्या मनात आलाच नाही. तिने नवी निळी पॅन्ट मशीनवर घेतली. पुढच्या खिशाच्या आत, बाहेरच्या शिवणीला धरून, मांडीलगत सरळ खाली जाणारा एक अरुंद खिसा काढला. जुन्या जीन्सचं दुहेरी कापड, तळाला आडवी-उभी शिलाई. चाकू उभा राहिला पाहिजे, कलता कामा नये. गाडीवर बसलं की मांडी वळते, पण बाहेरची शिवण जागची हलत नाही, हे तिला माहीत होतं. शेवटी तोंडावर एक झाकण लावलं आणि त्याला आतून वेल्क्रोची चिकटपट्टी. वरून हात घातला तर नुसता रिकामा खिसा लागायचा.

बुद्धभूषण घालून चालला, उकिडवा बसला, स्टुलावर टांग टाकून बसला.

"कळतच नाही गं! आहे का नाही तेच कळत नाही."

दारात त्याचा मित्र सनी उभा होता. तो त्याच शेडमध्ये लोडिंगला होता, दोघं एकाच गाडीवर जायचे. "काकू, मला पण शिवा एक. तंबाखूची पुडी घरच्यांना सापडणार नाही."

"तुझ्या आईला आधी फोन लावते थांब," ती म्हणाली, आणि तिघंही हसले.

त्या दिवसांत कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज असायच्या. शेजारच्या शालनबाई ओट्यावर भाजी निवडत म्हणायच्या, "आता पोलीस दिसंल त्याला धरत्यात बाई. पोरांना सांगून ठेव." विजयश्री मान हलवायची. तिला वाटायचं, ते त्या पोरांसाठी आहे. आपला कामावरून येतो, डबा घेऊन.

मोशीजवळ संध्याकाळी नाकाबंदी होती. सनीकडे लायसन्स नव्हतं म्हणून गाडी बाजूला घेतली आणि दोघांची झडती झाली. हवालदाराचा हात बुद्धभूषणच्या खिशातून रिकामाच बाहेर आला. मग त्याने बाहेरून मांडीवर थाप मारली.

चौकीतून सनीचा फोन आला तेव्हा विजयश्री निम्म्यावर आलेली पॅन्ट तशीच मशीनवर टाकून निघाली. रिक्षात ती घाबरलेली होती, पण हरलेली नव्हती. मुलाचं ओळखपत्र गळ्यात आहे, डबा आहे, शेड आहे. शिकलेल्या बाईने नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात, असं तिला वाटत होतं.

टेबलावर चाकू उघडून ठेवला होता. घरात तो तिला एवढा मोठा कधी वाटला नव्हता.

"रामपुरी घेऊन फिरतोय तुमचा मुलगा," चौकीतले साहेब म्हणाले.

"साहेब, पट्ट्या कापायला लागतो. पॅकिंगमध्ये आहे तो."

"असेल. मग खिशात ठेवायचा ना सरळ. हा चोरखिसा कशाला?"

"चोरखिसा नाही साहेब. मी शिवलाय तो. त्याला मांडीला टोचत होतं."

"तुम्ही?" साहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. मग झाकण?"

तिला खोटं बोलायचं नव्हतं. खरं सांगितलं की सुटेल, एवढंच डोक्यात होतं.

"गेटवर दिसू नये म्हणून."

बाकावर बसलेल्या बुद्धभूषणने डोळे मिटले. शेजारचा शिपाई लिहायचा थांबला, आणि मग पुन्हा लिहू लागला.

"म्हणजे लपवायलाच," साहेब शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थोडा खाली आला होता. "ताई, हत्यार बाळगायला मनाई आदेश चालू आहे. नुसता चाकू असता तर मी कंपनीत विचारून त्याला सोडलं असतं. पण हे तर मुद्दाम करून घेतलेलं आहे."

त्यांनी तिच्यासमोर गुरुदत्तला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज आला, "आमच्याकडे पातं आत नेताच येत नाही साहेब. गेटवर चेकिंग असतं. कामगार बाहेर खिशात काय घेऊन फिरतात, ते आम्ही कसं सांगणार?"

"गुरुदत्तभाऊ!" बुद्धभूषण ओरडला. "असं काय बोलताय!"

फोन कट झाला होता.

दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. निळी पॅन्ट मुद्देमाल म्हणून चौकीतच राहिली. शेडमधून निरोप आला, येऊ नकोस. तळेगावच्या कंपनीने वाईट काही म्हटलं नाही. निकाल लागल्यावर भेटा, एवढंच म्हणाले. निकालाला वर्षं लागतात हे त्यांनाही ठाऊक होतं.

वकिलांनी कागद चाळले आणि चष्मा काढला. "बाई, तुमचा जबाब घेतलाय त्यांनी. सरकारच्या बाजूने साक्षीला तुमचंच नाव आहे."

"माझं? मी तर त्याची आई आहे."

"खिसा कुणी शिवला आणि कशासाठी, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?"

घरी परतताना दोघं बसमध्ये शेजारी बसले होते. पिंपरीचा पूल गेल्यावर ती म्हणाली, "मी सांगते मला माहीतच नाही. म्हणते घाबरून बोलले."

"मग तो मी बाहेरून करून घेतला असं होईल."

"आणि मीच शिवला म्हटलं तर?"

"तरी लपवायलाच केला असं होणार मम्मी." तो खिडकीबाहेर बघत होता. "तू खरंच सांग. खोटं बोलायला लागलीस की तुझा आवाज कापतो, ते लगेच कळतं."

तिने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत. काळेवाडीचा थांबा आला तसा तो आधी उतरला आणि तिची वाट न बघता चालू लागला.