घरात कोण राहतं, असं विचारणाऱ्या काउंटीकाकू

नवा माणूस भेटला की कुणी नाव विचारतं, कुणी गाव. काउंटीकाकू विचारायच्या, "कुठल्या काउंटीत राहतोस?" काउंटी म्हणजे इथला, अमेरिकेतला जिल्हा. समोरचा पुण्याचा की नागपूरचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. घरकर्ज देणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्यांची उभी हयात गेली होती. ओहायोचा आमचा हा भाग त्यांना पाठ होता: रस्त्याच्या या बाजूला सरकारच्या लेखी शहर, त्या बाजूला ग्रामीण.

त्या 'ग्रामीण'वरूनच आमची गट्टी जमली. मी घरांच्या हक्कासाठी पत्रकं वाटत फिरत होते, अजूनही फिरते. ग्रामीण भागात सरकारच्या हमीवर, डाउन पेमेंट न भरता, कर्जानं घर मिळू शकतं आणि आपली माणसं नाक मुरडतात! "रुरल? आम्ही काय शेती करायला आलोय?" हे मला ऐकवलंय, तेही दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहणाऱ्यांनी. इथल्याच डब्लिन गावच्या गणपतीत काकूंनी माझं पत्रक चष्मा कपाळावर सारून वाचलं.

"अगं, यात सरकारला शिव्या आहेत, बँकांना शिव्या आहेत. कर्ज कोणाला मिळतं ते कुठंय?"

मी फणकारले. त्या मोदक खात म्हणाल्या, "तीन गोष्टी लिही. घर सरकारच्या ग्रामीण नकाशात बसतं का, स्वतः राहणार का, आणि घरातल्या सगळ्या कमावत्यांचं उत्पन्न त्या काउंटीच्या मर्यादेत आहे का. कर्जावर नाव नसलं तरी त्यांचं धरतात. क्रेडिट वगैरे बँक बघेल. तुझी क्रांती पाठच्या पानावर कर."

मग आमच्या ओळखीतल्या महेशदादाचं प्रकरण आलं. तो गोदामात सुपरवायझर, त्याची बायको सुजाताताई डेकेअरमध्ये, दोन मुली, सगळ्यांची ग्रीनकार्डं झालेली. मालकानं भाड्याचं घर विकायला काढलं होतं. मुलींच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत. शेजारच्या काउंटीत त्यांना परवडेल असं एकच घर सापडलं, आणि कर्जाला नकार आला: उत्पन्न जास्त. उत्पन्न जास्त! मी निदर्शनांच्या घोषणासुद्धा रचल्या.

"घोषणा नंतर," काकू म्हणाल्या. "आधी त्यांना जेवायला बोलाव."

आमटी वाढता वाढता काकूंनी विचारलं, "महेश, घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं, मुली आणि संदीप." संदीप म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, सॉफ्टवेअरमध्ये बऱ्या पगारावर.

"संदीप झोपतो कुठं?"

"डब्लिनला. अपार्टमेंट आहे त्याचं. वीकेंडला येतो."

"काका डझंट लिव्ह विथ अस, बाबा! आय टोल्ड यू," थोरली ताटावरून ओरडली.

काकूंनी पळी खाली ठेवली. "मग त्याचा पगार तुमच्या घरात कशाला धरायला लावलास?"

महेशदादाचा चेहरा उतरला. "काकू, सख्खा भाऊ आहे. तो घरात नाही, असं कसं सांगू? आई काय म्हणेल?"

"आईला नको सांगूस रे! बँकेला सांग. कोण आपलं, हे त्यांनी विचारलेलंच नाही. राहतं कोण, एवढंच विचारलंय."

"यार, दादा, माझ्यामुळे?" फोनवर संदीप कळवळला आणि त्याच दिवशी त्यानं आपल्या भाडेकराराची प्रत पाठवली. बँकेनं हिशेब पुन्हा तपासला. मधले आठवडे सुजाताताई सामानाच्या खोक्यांकडे बघतही नव्हती. मंजुरी आली तेव्हा महेशदादा काकूंना फोन करून नुसताच हुंदके देत राहिला. "रडतोस काय? पडद्यांची मापं घे," त्या म्हणाल्या. मी ड्राइव्ह करत होते. बातमी ऐकली आणि गाडी कडेला लावली.

वास्तुशांतीला काकू नव्हत्या. गुडघ्यांनी दगा दिला, मुलगी त्यांना कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला, आपल्याकडे घेऊन गेली होती. त्या निघाल्या तेव्हा, मला सोडून चालल्या म्हणून, मी त्यांच्यावरही चिडले होते. त्यांनी माझा गालगुच्चा घेतला होता, बस्स.

महेशदादा फोन हातात धरून काकूंना घर दाखवत फिरला. स्वयंपाकघर झालं, मुलींची खोली झाली. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडून तो अभिमानानं म्हणाला, "आणि ही संदीपची!"

"पाहुण्यांची म्हण, मेल्या!" काकू सांता क्लारातून कडाडल्या. "निदान मी फोन ठेवेपर्यंत तरी!"

सगळं घर हसलं. संदीप सगळ्यांत मोठ्यानं. मी श्रीखंडाची वाटी घेऊन त्याच खोलीत जमिनीवर बसले आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच, कुणावरही न चिडता जेवले.