डोरोथीने परत दिलेला डबा

अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात हिरव्या फिजोआ फळांचे ढीग लागले की तो अत्तरासारखा गोड वास नाकात शिरतो. लेक कुरकुरते, "आई, हीप्स, ढीगभर घेऊ नकोस, प्लीज!" मी मात्र तोवर या परक्या देशात शिकायला आले तेव्हाच्या विद्यार्थिदशेत, शेजारच्या म्हाताऱ्या डोरोथीसमोर जाऊन उभी असते.

पाडव्याला मी तिला स्टीलच्या डब्यातून पुरणपोळ्या दिल्या होत्या. तिने डबा लख्ख घासून परत आणला, पण रिकामा. मी हसत म्हटलं, "आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत."

डोरोथी मूळची इंग्लंडची. तिचे वडील इंग्रजी अमदानीत आपल्याकडे रेल्वेत साहेब होते. ती म्हणाली, "आम्ही तर तुमचा अख्खा देशच रिकामा करून परत दिला!"

"पण आलात कशाला?"

"मिरी, कापूस, चहा. आणि फुकटचं मिळालं की भूक वाढतेच."

"मग गेलात कशाला?"

"महायुद्धानंतर आमच्याच घरी खायचे वांधे. शिवाय तुम्ही राहू कुठे देत होतात? बाबा मात्र शेवटपर्यंत सांगायचे, आम्ही मोठ्या मनाने स्वातंत्र्य दिलं." आणि ती खो खो हसली.

मग माझ्या हातातला डबा घेऊन ती परसातल्या फिजोआच्या झाडाखाली गेली आणि कमरेवर हात ठेवून, कण्हत कण्हत फळं वेचू लागली. झाकण बसेना, तेव्हा मला हसू आलं होतं. आता ते येत नाही. एकट्या डोरोथीच्याने कितीसं भरून निघणार होतं? तरी ती आणखी एक फळ कोंबतच होती.