मागच्या डाव्या चाकाचा सूड

त्या माणसाचा उजवा हात मला कधीच आवडला नाही. बाकी माणूस ठीक होता, म्हणजे तेव्हा तरी ठीक वाटायचा. आमच्याच शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि मी इतिहास. दोघंही पिपरी मेघेत राहायचो, तो माझ्या मागच्या गल्लीत. शाळा पार वडनेरच्या बाजूला, त्यामुळे रोजचं अप-डाऊन. आमच्याकडच्या निम्म्या मास्तरांची नोकरी वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त होते. गाडी माझी. मागे एका खिडकीशी गणिताच्या मॅडम, दुसऱ्या खिडकीशी शाळेचा क्लार्क, मधल्या जागेवर सगळ्यांचे डबे. पुढची सीट विज्ञानाच्या सरांची. ती त्याला कुणी दिली नव्हती. पहिल्या दिवशी तो तिथे बसला आणि मग उठलाच नाही.

वाटेत एक रेल्वे फाटक लागतं. ते बंद असलं की मी गाडी थांबवायचो, आणि ती पुरती थांबायच्या आत त्याचा उजवा हात हँडब्रेकवर गेलेला असायचा. कर्र, कर्र, कर्र, थेट शेवटच्या खटक्यापर्यंत. जणू विहिरीतून भरली बादली ओढतोय. फाटक उघडलं की सोडायचाही तोच, आणि तोही अर्धवट. उरलेला मी हळूच खाली दाबून घ्यायचो. एकदा न राहवून म्हणालो, "सर, राहू द्या, मी ओढतो ना."

"तुमी गाडी चालवा सर," तो म्हणाला, "एवढं मी पाह्यतो."

माझ्या गाडीत, मलाच. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मागे मॅडम बसलेल्या, एवढ्या तेवढ्यावरून तोंड वाजवणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसलो. वर्षानुवर्षं गप्प बसलो.

दिवाळीच्या सुट्या लागल्या त्या संध्याकाळी तो माझ्याच गेटशी उतरला. मी डिकीतून पिशव्या काढत होतो, तेवढ्यात त्याने उतरता उतरता हात चालवला असणार. मी काही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सणाची म्हणून गाडी पाइप लावून धुतली, हार घातला, आणि आम्ही नवराबायको रेल्वेने तिच्या माहेरी गेलो. सुटीभर गाडी तशीच उभी. चाकामागची ओली डिस्क, आणि तिला करकचून धरून बसलेले ब्रेकचे पॅड.

शाळा उघडली त्या सकाळी हँडब्रेक पाहिला, तर आभाळाला टेकलेला. सोडला. गाडी निघाली, पण मागून कुणी सदरा धरून ठेवल्यासारखी. थंडीमुळे असेल म्हणून मी दामटली. फाटकापर्यंत आलो आणि जळका वास सुटला.

"उतरा, उतरा! धूर निघून राह्यला!" पुढच्या सीटवरून तो ओरडला. उतरला, सगळ्यांना उतरवलं, आणि मी थांबा थांबा म्हणेपर्यंत प्यायच्या पाण्याची अख्खी बाटली मागच्या डाव्या, तापलेल्या चाकावर ओतली. चर्रर्र. पांढरी वाफ वर आली. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं की ते वाकडं होऊ शकतं, हे नववीच्या पोराला कळतं. आणि हा त्या नववीला विज्ञान शिकवतो! वर त्याने मोबाइल काढून वाफेचं शूटिंग केलं.

ते तिघं दुसऱ्याच्या गाडीत बसून शाळेत गेले. चाक निवल्यावर मी रडतखडत गाडी घरी आणली. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर ते शूटिंग आलं. खाली लिहिलं होतं, "आज देवाने वाचवले. सरांना गाडी चालवता येते, सांभाळता येत नाही. जीव प्यारा असल्यास कुणी बसू नये." त्याखाली मुख्याध्यापकांचे जोडलेले हात. खरं सांगतो, त्या जोडलेल्या हातांनी मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःची गाडी काढली. मॅडम आणि क्लार्क तिच्यात. मी एसटीत. एकदा बसमध्ये दांड्याला लटकून उभा होतो, तर ते तिघं शेजारून पुढे निघून गेले. क्लार्कने मला पाहून हात केला. रोज सकाळी गाडीत बसल्या बसल्या मॅडम सगळ्यांना एकेक लवंग द्यायच्या, ती मला त्या क्षणी आठवली आणि डोळे भरून आले. मी तोंड दुसरीकडे वळवलं. तेव्हाच ठरवलं. मला माझी माणसं परत हवी होती. आणि त्या माणसाला मला मधल्या सीटवर बसवायचं होतं, डब्यांच्या जागी, गुडघे हनुवटीला लावून.

गॅरेजवाला म्हणाला, कॅलिपर जाम झालाय, अख्खा नवा मागवावा लागेल. पण त्या गॅरेजात विज्ञानाच्या सरांची रोजची उठबस. गाडी तिथे उभी राहिली असती तर त्याला आणखी एक शूटिंग मिळालं असतं. मी गाडी परत वळवली आणि रविवारी सकाळी पोर्चमध्ये सतरंजी अंथरली.

"काऊन जीवावर उठले त्या चाकाच्या?" बायको दारातून म्हणाली. "मिस्त्रीले बोलवा ना."

"मिस्त्री नाही. मीच उघडणार."

"आजवर घरचा पंखा तरी उघडला का तुमी?"

मी बाह्या सरसावल्या. पुढच्या चाकांना विटा लावल्या, नट ढिले केले, जॅक चढवला आणि चाक काढलं. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारी मूठच. ब्रेक दाबला की आतला पिस्टन पुढे येतो आणि पॅड डिस्कवर आवळतो. पाय काढला की मूठ सैल पडायला पाहिजे. माझी मूठ सुटतच नव्हती. बोल्ट काढून ती उचलली तेव्हा आतला पॅड हातात आला. काचेसारखा गुळगुळीत झालेला, कडेने भुगा. तो मी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. पुरावा म्हणून.

मूठ ज्या दोन पिनांवर सरकते त्यातली एक गंजून बसली होती. तिला तेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या, आणि ती निघाली. मग पिस्टन. शेजाऱ्याकडून सुताराचा शिकंजा आणला, पिस्टनवर लावला आणि आवळत गेलो. हाताच्या शिरा वर आल्या, शिकंजा वाकला, पिस्टन जागचा हलेना. तासभर मी त्याला सरळ आत ढकलत होतो आणि तो पुढच्या सीटवरल्या माणसासारखा बसून होता.

शेवटी मोबाइलवर पाहिलं तेव्हा चूक कळली. पुढच्या चाकांचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो. माझ्या गाडीच्या मागच्या पिस्टनला हँडब्रेक जोडलेला, त्याला आतून आटे असतात. त्याला नुसतं दाबायचं नसतं. दाबत दाबत पिळायचं असतं.

पिळायचं! एवढंच ना! शाळेत आता कान पिळायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण हात काही विसरत नाही. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत पक्कडीची टोकं अडकवली, विज्ञानाच्या सरांचा उजवा कान डोळ्यांसमोर आणला आणि पिळला. कुरकुरला. आणखी पिळला. आला वठणीवर! बायकोला गाडीत बसवून ब्रेक हलकेच दाबायला लावला, पिस्टन थोडा बाहेर आला, त्याच्यावरची गंजाची कडी ब्रेक ऑइलच्या फडक्याने पुसली आणि पुन्हा पिळत आत घातला. असं किती वेळा केलं ते विचारू नका. गरजेपेक्षा जास्त वेळा केलं, कारण मजा येत होती.

"तुमी हसून काऊन राह्यले?" बायकोने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"काही नाही. दाब तू."

हँडब्रेकची तार जिथे कॅलिपरला येते तिथला दांडा आखडला होता. तेल आणि हातोडीचे हलके टोले देत देत तोही मोकळा केला. पिनांना ग्रीस, पिस्टनला नवी रबरी टोपी, दोन्ही मागच्या चाकांना नवे पॅड. डिस्कही निरखून पाहिली, नशिबाने वाकली नव्हती. दिवेलागणीला चाक चढवलं आणि एका बोटाने फिरवलं. ते फिरतच राहिलं. बायको आत जा म्हणत होती, मी आणखी एकदा फिरवलं.

सोमवारी गाडी घेऊन शाळेत गेलो. मधल्या सुटीत, सगळा स्टाफ उन्हात उभा असताना, मी गाडीचं मागचं डावं चाक जॅकवर चढवलं.

"सर, या इकडे," मी विज्ञानाच्या सरांना हाक मारली. "बोट लावा."

"कायले?"

"लावा तर."

सगळे पाहत होते, त्यामुळे त्याला लावावंच लागलं. चाक गर्रकन फिरलं. मग मी फडकं सोडलं आणि जळका पॅड सगळ्यांना दाखवला. ब्रेक बिघडले नव्हते, म्हणालो. सुटीभर कुणीतरी हँडब्रेक शेवटच्या खटक्यापर्यंत ओढून ठेवला होता.

मॅडमनी चष्मा वर केला. "पन सर," त्या त्याला म्हणाल्या, "हँडब्रेक तर रोज तुमीच ओढता ना?"

क्लार्क आधी हसला, मग सगळाच स्टाफ. मुख्याध्यापकही. त्याचे कान लाल झाले, उजवा जास्त. मी मनात म्हटलं, जिरली! आजही तो प्रसंग आठवला की जेवण गोड लागतं.

दुसऱ्या सकाळी मॅडम आणि क्लार्क माझ्या गेटशी हजर. मॅडमना मी पुढे बसवलं. मला लवंग मिळाली. कोपऱ्यावर वळलो तर तिथे तो उभा, स्वतःची गाडी घरी ठेवून, डब्याची पिशवी घेऊन, जणू काही झालंच नव्हतं. एकट्याचं पेट्रोल परवडत नसणार. मी गाडी थांबवली. क्लार्क खाली उतरला, म्हणाला, "मले उलटी होते सर, मी खिडकी सोडत नाई." मॅडमनी जागचं हलायचं नाव काढलं नाही. दुसऱ्या खिडकीशी मी आधीच सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे रचून ठेवले होते. तो वाकला, गुडघे आवळले आणि मधल्या सीटवर बसला, मांडीवर सगळ्यांचे डबे. मी आरसा खाली करून ते दृश्य नीट पाहून घेतलं.

फाटक बंद होतं. मी गाडी थांबवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधल्या सीटवरूनही हँडब्रेक थेट हाताशी असतो.

दोन सीटांच्या फटीतून तो उजवा हात पुढे आला. हँडब्रेकच्या वर येऊन हवेतच थांबला.

"सर," तो म्हणाला, "ओढू का?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

हात मागे गेला. मी स्वतःही हँडब्रेक ओढला नाही. ओढला असता तर त्याचंच खरं झालं असतं. पाय ब्रेकवर ठेवून बसलो. कोळशाची मालगाडी आली, डब्यांमागून डबे, संपता संपेना. संपली तरी फाटक उघडलं नाही, कारण दुसऱ्या बाजूने आणखी एक येत होती. माझी पोटरी थरथरायला लागली. मॅडमनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्या फाटकाशी सडक इतकी सपाट आहे की पाय काढला असता तरी गाडी तसूभर हलली नसती. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, तो विज्ञान शिकवतो.

"पाय दुखत असन सर," मागून तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

मी पाय आणखी दाबला.