तोंडातलं काढून घेणं

लोक म्हणतात, पाण्याखाली गेलं की मन शांत होतं. होत असेल त्यांचं. माझं मन तिथेही भिंगरीसारखं फिरत असतं: हवा किती उरली, काटा कुठे आहे, काका कुठे गेले.

काका म्हणजे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधले आमचे शेजारी. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून लोकांचे श्वास सांभाळले आणि रिटायर झाल्यावर माझ्याबरोबर डायव्हिंग शिकले. पाण्यात आम्ही दोघं जोडीदार. दोघांची मांडणी एकच: तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून टाकीतली हवा घ्यायची तो, लांब नळीवर आणि स्पेअर आखूड नळीवर, हनुवटीखाली रबरी दोरीने अडकवलेला. जोडीदाराची हवा गेली तर आपल्या तोंडातला काढून त्याला द्यायचा आणि स्पेअर आपण घ्यायचा, कारण तोंडातला चालतोय याची खात्री असते. घाबरलेला माणूस तो सरळ ओढूनच घेतो, हेही क्लासमध्ये शिकवलेलं.

त्या शनिवारी मॉन्टेरेच्या गार समुद्रात काकांच्या रेग्युलेटरमधून हवा भसाभसा सुटायला लागली. थांबेचना. त्यांचा स्पेअरही त्याच टाकीवर, म्हणजे असून नसल्यासारखा. मी लगेच तोंडातला काढून पुढे केला. तर या माणसाने मान हलवली! माझा हात माझ्याच तोंडाकडे लोटला आणि माझ्या हनुवटीखालचा स्पेअर ओढायला लागले. एवढीशी ती नळी, ती पुरणार कशी? आमचे मास्क एकमेकांवर आपटले. इथे समुद्राच्या तळाशी उष्ट्याचं सोवळं? माझं डोकंच फिरलं. त्यांची मान धरून मी रेग्युलेटर तोंडात कोंबला, स्पेअर मी घेतला, आणि हात घट्ट धरून आम्ही हळूहळू वर आलो.

किनाऱ्यावर त्यांचं वय न बघता मी ओरडले, "उष्टं चालत नाही, तर डायव्हिंग करता कशाला काका?"

"उष्ट्याचं नाही गं," ते कुडकुडत म्हणाले. "पोरीच्या तोंडातला घास काढून घेऊ का मी?"

यावर रागवायचं कसं? तरी मी रागावले, कारण मी चांगलीच घाबरले होते. अख्ख्या फ्रीवेभर धुमसत होते. घराशी पोचल्यावर म्हटलं, "उद्या पूलमध्ये प्रॅक्टिस. मी देणार नाही, तुम्ही ओढून घ्यायचं. नाही जमलं तर आपली जोडी कॅन्सल."

दुसऱ्या दिवशी पूलमध्ये काकांचा हात दरवेळी माझ्या तोंडाशी येऊन थांबायचा. मी खवळून वर यायचे, त्यांना झापायचे, पुन्हा खाली. अखेर त्यांनी असा हिसका दिला की माझा ओठ फुटला. रेग्युलेटर त्यांच्या तोंडात होता, ते श्वास घेत होते. मला इतकं बरं वाटलं की मास्कच्या आत रडू फुटलं.

"फार लागलं का गं?" वर येताच त्यांनी विचारलं.

"लागू दे," मी ओठ पुसत म्हणाले. "परत एकदा."